टाळूखालचं रक्त

टाळू खोल गेली की बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, हे सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याच्या खोऱ्यातल्या कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. जुलाब लागलेल्या लेकरावर तिचं बोट आधी टाळूवरच जातं. टाळू फुगून वर आली तर त्याचा अर्थ काय, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. रडताना टाळू थोडी वर येते, त्यात काही वावगं नाही. पण बाळ शांत आहे, उभं धरलेलं आहे आणि तरीही टाळू ताठ लागते, तेव्हा कवटीच्या आत काहीतरी जागा अडवून बसलेलं असतं. ते पाणी असेल, मेंदूज्वराची सूज असेल, किंवा रक्त असेल. या प्रकरणात आपण त्या रक्ताचा माग काढणार आहोत.

मेंदूभोवती तीन पडदे असतात. बाहेरचा जाड आणि चिवट, कवटीला आतून चिकटलेला. मधला जाळीदार. आतला इतका पातळ की तो मेंदूच्या घडीघडीत शिरलेला असतो. मेंदूवरून निघणाऱ्या बारीक नीला हे पडदे ओलांडून जाड पडद्यातल्या मोठ्या शिरेला मिळतात. डोकं झटक्याने हललं आणि आतला मेंदू मागे राहिला की या नीला ताणल्या जातात, कधी तुटतात. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिस्स्याएवढं असतं, मानेत जोर नसतो, मेंदू मऊ आणि पाणीदार असतो. त्यामुळे या नीलांना जेवढा धोका पहिल्या वर्षात असतो तेवढा पुढे क्वचितच असतो.

रक्त कोणत्या थरात साठलं, यावरून कारणाचा अंदाज येतो. कवटी आणि जाड पडदा यांच्यामध्ये साठलं तर बहुधा मार असतो, अनेकदा हाडाला तडाही गेलेला असतो. जाड पडद्याच्या खाली साठलं तर कारणांची यादी लांबते आणि डॉक्टरांचीही परीक्षा होते. जाळीदार पडद्याखालचं रक्त मारामुळे येतं, रक्त न गोठल्यामुळे येतं, क्वचित एखाद्या रक्तवाहिनीच्या जन्मजात गाठीतूनही येतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कवटीची हाडं अजून सांधलेली नसल्यामुळे डोकं आतून मोठं होऊ शकतं आणि बरंच रक्त तिथे मावतं. चार किलोच्या बाळाच्या सगळ्या अंगात मिळून साधारण ३२० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं थोडंसं जरी डोक्यात गेलं तरी बाळ पांढरंफटक पडतं. मोठ्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झाला म्हणून अंगातलं रक्त कमी पडत नाही. तान्ह्याचं पडतं.

सुरुवात जन्मापासून करू. प्रसूतिमार्गातून येताना बाळाच्या डोक्याची हाडं एकमेकांवर सरकतात, आतल्या नीलांवर ताण येतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०१ ठणठणीत, पूर्ण दिवसांच्या बाळांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यातल्या ४६ जणांच्या जाड पडद्याखाली थोडं रक्त आढळलं. एकालाही त्रास नव्हता. बहुतेकांचं रक्त महिनाभरात विरलं, तीन महिन्यांनी कुणातच उरलं नव्हतं. हे वाचून बाळंतिणीने घाबरू नये, म्हणूनच ही आकडेवारी दिली. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेल्या बाळंतपणात मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी जास्त असते, आणि तशा बाळावर पहिले एकदोन दिवस बारीक लक्ष ठेवतात. डोक्याला बाहेरून आलेलं टेंगूळ ही वेगळी गोष्ट. ते कवटीच्या वर असतं आणि बहुधा आपोआप जिरतं. ते चोळू नये, दाबू नये, त्यावर तेलाचा हात फिरवून डोकं गोल करायला जाऊ नये.

आता ज्या कारणासाठी हे प्रकरण मुळात लिहायला घेतलं, तिकडे वळतो.

असं बाळ डोळ्यांसमोर आणा. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, अंगावर पिणारं. बारसं झालेलं, बाळसं धरलेलं. महिना उलटतो, सव्वा महिना होत येतो आणि एका दिवशी ते पिणं सोडतं. सारखं किरकिरतं, उलट्या करतं, चेहरा पांढरा पडतो. रात्री हातपाय झटकायला लागतं, आकडी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. मार नाही, ताप नाही, पडणं नाही. घरातले दृष्ट काढतात, कुणी अंगारा लावतं, आणि त्यात जी रात्र जाते ती परत मिळत नाही. बालरोगतज्ज्ञांना हे चित्र पाठ आहे. त्याचं नाव के जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा उशिराचा रक्तस्राव.

रक्त गोठायला यकृतात तयार होणारी काही प्रथिनं लागतात. त्यातल्या चार घटकांना, म्हणजे दुसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्याला, के जीवनसत्त्वाने शेवटचा हात फिरवावा लागतो. त्याशिवाय ते कॅल्शियमला धरू शकत नाहीत. जातं तयार आहे, पण त्याला खुंटाच बसवलेला नाही, अशी ती अवस्था. घटक रक्तात फिरत असतात आणि जखम झाल्यावर काही कामाचे ठरत नाहीत. हे जीवनसत्त्व वारेतून बाळाकडे अगदी थोडं उतरतं. जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात ते बनवणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात. आणि आईच्या दुधात ते फारच कमी असतं, लिटरमागे एक ते चार मायक्रोग्रॅमच्या आसपास. आईने मेथी, शेपू, माठ रोज खाल्ला तरी दुधातलं प्रमाण पुरेसं वाढत नाही. म्हणून अंगावरचं दूध थांबवायचं का? मुळीच नाही. सहा महिने आईच्या दुधाची बरोबरी करणारं दुसरं काही नाही. त्यात राहिलेली ही एक उणीव एका इंजेक्शनने भरून निघते, आणि ते इंजेक्शन जन्मल्यावर पहिल्या काही तासांत मांडीत द्यायचं असतं. एक मिलिग्रॅम. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा.

हे ज्ञान नवीन नाही. बोस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ साली रक्तस्राव होणाऱ्या ५० नवजात बाळांची हकीकत लिहून ठेवली. कारण सापडायला आणखी चार दशकं गेली. कोपनहेगनमध्ये हेन्रिक दाम कोंबडीच्या पिल्लांना चरबीविना खाद्य देऊन पाहत होते. पिल्लांच्या अंगात रक्तस्राव होऊ लागला, तेव्हा त्यांनी त्यामागचा हरवलेला घटक शोधला. त्याबद्दल १९४३ चं नोबेल दाम आणि एडवर्ड डॉयझी यांना मिळालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्ये प्रत्येक बाळाला हे जीवनसत्त्व द्यावं अशी शिफारस केली. भारतात आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये, दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला ते द्यावं, असे मार्गदर्शक नियम काढले. इंजेक्शन न मिळालेल्या बाळाला उशिराचा रक्तस्राव होण्याची शक्यता इंजेक्शन मिळालेल्यापेक्षा ८१ पट असते, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. हा आजार दुर्मीळ आहे. पण तो झाला तर निम्म्याच्या आसपास बाळांत रक्त डोक्यात साठतं, आणि त्यातली कित्येक जगली तरी आकडी, पांगळेपण, मंद वाढ यांच्यासह जगतात.

महाराष्ट्राने या बाबतीत एक वाट आधीच दाखवली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत, आणि जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ते श्रेय एकट्या के जीवनसत्त्वाचं नाही, सगळ्या कामाचं आहे. पण खेड्यातली बाई हे इंजेक्शन नीट देऊ शकते हे तिथे दिसलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात त्यांचं मूळही तिथेच आहे.

मग शिराळ्यासारख्या तालुक्यात अडचण कुठे येते? महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. राहिलेल्या पाच टक्क्यांत कोण आहे ते पाहायला हवं. वारणेच्या खोऱ्यात उसाचा हंगाम लागला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, चिखलीच्या विश्वासराव नाईक कारखान्याच्या आणि आसपासच्या कारखान्यांच्या फडांत खोप्या पडतात. दिवस भरलेली बाई फडात असते. ती खोपीत बाळंत झाली, किंवा दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच सुटली, तर बाळाला हे इंजेक्शन मिळालं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. टोळी पुढच्या गावी हलते आणि तिच्याबरोबर बाळही.

दुसरी अडचण कागदाची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. लेक मुंबईहून किंवा पुण्याहून येते, एखाद्या खासगी दवाखान्यात बाळंत होते, बाळाचे डोस गावच्या उपकेंद्रात होतात, आणि मग ती सासरी जाते. तीन ठिकाणी तीन कागद. पहिल्या दिवशी काय दिलं याची नोंद कुणाच्याच हातात नसते. सव्वा महिन्याच्या बाळाला आकडी आल्यावर डॉक्टर विचारतात, जन्मल्यावर के जीवनसत्त्व दिलं होतं का? उत्तर येतं, ‘सगळे डोस दिलेत की.’ हे उत्तर खरं असतं, पण ते लसींबद्दलचं असतं.

लसीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो. दीड महिन्याचे डोस आणि हा रक्तस्राव यांचं वय एकच पडतं. त्यामुळे ‘डोस दिला आणि पोराला झटके आले’ अशी समजूत पसरते. खरा संबंध उलटा आणि उपयोगाचा आहे. डोस दिलेल्या जागेतून रक्त थांबत नसेल, मांडी काळीनिळी होऊन सुजली असेल, तर ती मोठ्या रक्तस्रावाआधीची सूचना असू शकते. नाळेच्या जागेतून पुन्हा पाझरणारं रक्त, नाकातून आलेला रक्ताचा थेंब, कारण नसताना अंगावर उठलेला काळानिळा डाग, या सगळ्या त्याच सूचना आहेत. आशाताईने आणि नर्सताईने त्या ओळखाव्यात, एवढं शिक्षण त्यांना द्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

रक्त गोठत नाही म्हणजे काय, हे या तालुक्याला निराळ्या वाटेने ठाऊक आहे. शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे, पण भाताच्या खाचरात माणसाला जास्त छळते ती घोणस. घोणस चावलेल्या रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष भिनलं हे कळतं. घोणशीचं विष गोठवणारे घटक जाळून संपवतं, के जीवनसत्त्वाच्या अभावात ते घटक निकामी राहतात. परिणाम दोन्हीकडे सारखाच, रक्त वाहत राहतं. ज्या भागातले डॉक्टर नळीतलं रक्त पाहून जीव वाचवायला शिकले, त्यांना पांढऱ्या पडलेल्या बाळाच्या टाचेतून थांबत नसलेलं रक्त पाहूनही तीच शंका यायला हवी. मणदूर, आरळा, चरण, कोकरूड अशा उतरणीच्या रस्त्याने बाळाला शिराळ्याला आणायचं, आणि मेंदूच्या सर्जनसाठी पुढे कराड, सांगली-मिरज किंवा कोल्हापूर गाठायचं, यात तास जातात. संशय आला की के जीवनसत्त्व शिरेतून हळू किंवा त्वचेखाली देऊनच बाळाला पुढे पाठवावं. ते काही तासांत काम सुरू करतं. मोठ्या दवाखान्यात रक्तद्रव चढवून रक्त गोठतं करतात, मग स्कॅन, आणि लागलं तर शस्त्रक्रिया.

इंजेक्शन मिळूनही काही बाळांत के जीवनसत्त्व अपुरं पडतं, कारण आतड्यातून ते शोषलंच जात नाही. पित्तनलिका बंद असलेलं बाळ हे त्याचं महत्त्वाचं उदाहरण. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकून आहे आणि शी पांढरट, मातकट होते आहे, तर ‘उन्हात धरा, जाईल’ म्हणत बसू नये. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यश जास्त येतं. आईला फिट्सच्या किंवा क्षयाच्या काही गोळ्या चालू असतील तर बाळाला पहिल्या चोवीस तासांतच रक्तस्राव होऊ शकतो. त्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण बाळंतपणाआधी डॉक्टरांच्या कानावर जरूर घालायच्या.

काही घरांत दोष रक्तातच असतो. हिमोफिलिया बहुतकरून मुलग्यांना होतो, आईकडून उतरतो, आणि मामाला किंवा मावशीच्या मुलाला ‘रक्त थांबत नाही’ असं असेल तर ते आधीच सांगावं. त्याहून दुर्मीळ पण इथे खास सांगण्यासारखा दोष तेराव्या घटकाचा. नाळ पडल्यावर बेंबीतून दिवसेंदिवस रक्त पाझरतं, आणि रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या मात्र साफ येतात, कारण गुठळी होते पण टिकत नाही. त्यासाठी गुठळी विरघळते का हे पाहणारी वेगळी चाचणी लागते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो, त्यामुळे मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात तो विसरून चालत नाही. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा निदानाचं काम करते, आणि हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे केअर केंद्र साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आहे. आणखीही कारणं आहेत: मेंदूज्वर, पाणी कमी पडून मेंदूच्या शिरेत झालेली गुठळी, रक्तबिंबिका घटणं, डोकं मुळातच मोठं असून पडद्यांमधली जागा रुंद असणं, चयापचयाचे काही जन्मजात दोष. ती सगळी तपासूनच डॉक्टर पुढच्या निष्कर्षाकडे जातात.

रांगायला-चालायला लागलेल्या मुलात मात्र पडणं हे पहिलं कारण. ओटा, जिना, कठडा नसलेली गच्ची, उसाच्या ट्रॉलीची कडा, दुचाकीवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईच्या मांडीवरचं लेकरू. रोजची बारीकसारीक पडझड बहुधा निभावते. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलं तपासून २००९ मध्ये काढलेले नियम दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सांगतात, की तीन फुटांपेक्षा उंचावरून पडणं, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेलं टेंगूळ, काही सेकंद शुद्ध हरपणं, हाड पिचल्यासारखं लागणं किंवा ‘पोर नेहमीसारखं नाही’ असं आईला वाटणं, यांपैकी काही असेल तर डोक्याची तपासणी करायला हवी. यातलं शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आईचा अंदाज हा वैद्यकीय पुरावा म्हणून त्यात धरला आहे. पडल्यावर मूल रडून शांत झालं, खेळलं आणि दोन-चार तासांनी झोपाळू होऊन उलट्या करू लागलं, तर एक क्षणही थांबू नये.

उरलं ते सगळ्यात अवघड कारण. रडं थांबत नाही म्हणून चिडलेल्या मोठ्या माणसाने बाळाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवणं. १९७१ मध्ये ब्रिटनमधले मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं. जाड पडद्याखालचं रक्त, डोळ्यांच्या पडद्यावरचं रक्त आणि मेंदूची सूज, ही तीन लक्षणं दिसली की हलवल्याचा आरोप, असं पुढे समीकरण झालं. त्याच गुथकेल्च यांनी म्हातारपणी या समीकरणाच्या सरसकट वापराबद्दल काळजी व्यक्त केली. स्वीडनच्या वैद्यकीय मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये केवळ या तीन लक्षणांवर निदान टेकवायला पुरावा अपुरा आहे असं म्हटलं, तर २०१८ मध्ये अनेक देशांच्या बालरोग संघटनांनी हा अत्याचार खरा आणि ओळखता येणारा आहे असं एकत्र निवेदन दिलं. टेक्ससमध्ये अशाच खटल्यातल्या एका बापाचा मृत्युदंड ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐनवेळी थांबवला गेला. मला वाटतं, आपल्याकडे दोन्ही चुका टाळायला हव्यात. मार झाकला तर ते बाळ पुन्हा त्याच हातांत जातं. आणि रक्त गोठण्याची साधी तपासणी न करता घरच्यांवर बोट दाखवलं, तर आजाराने लेकरू गमावलेल्या आईलाच गुन्हेगार ठरवलं जातं. आधी तपासणी, मग संशय. आणि संशयाला आधार मिळाला तर १०९८ या क्रमांकावर कळवायला कचरू नये.

झोळीतला किंवा पाळण्यातला संथ झोका निर्धोक आहे. अंघोळीनंतर पाय धरून बाळ उलटं टांगणं आणि वर फेकून झेलणं मात्र बंदच करावं, मालिशवाली कितीही जाणती असली तरी. त्याने बाळाचं काहीच भलं होत नाही. बाळाचं रडं सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं. त्या दिवसांत आईला कुणीतरी तास-दोन तास मोकळं करावं. ते काम सासूचं, बापाचं, शेजारणीचंही आहे. रागाचा पारा चढला तर बाळाला पाळण्यात ठेवून अंगणात जाऊन उभं राहावं. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आजच त्याचा दवाखान्याचा कागद काढून पाहा. के जीवनसत्त्वाची नोंद दिसली नाही, तर बाळ जिथे जन्मलं तिथे विचारा. दिलेलं नसेल तर बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि डॉक्टरांना ते द्यायला सांगा. उशीर झालेला असला तरी ते देता येतं.